पहिले सिझर झाले, आता दुसऱ्या वेळी काय?

वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन होते. वाचन संपले, चहा झाला की पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर जाऊन बसतात आणि आत बायकांचा आरोग्याचा अर्धा तास सुरू होतो. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत हा शिरस्ता काही वर्षांपासून चालू आहे. यंदा एका रविवारी सातवा महिना लागलेली एक सून भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांचे विचारून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, पहिलं पोरगं सिझरनं झालं. आता बी कापतीनच का?"

आम्ही बोलायच्या आत चौघींनी उत्तरे देऊन टाकली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, एकदा पोट फाडलं की दर वेळी फाडाच लागते. शेजारणीच्या बहिणीचे दुसरे नॉर्मल झाले होते, म्हणून तिचे म्हणणे, डॉक्टर लोक पैशासाठी कापतात. तिसरीने टाके उसवून कुणी बाई दगावल्याची गोष्ट काढली. चौथी म्हणाली, सरळ तारीख घ्यावी आणि मोकळं व्हावं, कळा कायले सोसाच्या?

चौघींच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे होते. पण त्या सुनेला उपयोगी पडेल असे त्यात काहीच नव्हते, कारण तुझे पहिले सिझर कशासाठी झाले, हे चौघींपैकी एकीनेही तिला विचारले नाही. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मले नाई सांगितलं कोणी. सही घरच्यायनं केली होती."

ज्या बाईचे पोट उघडले गेले तिलाच कारण माहीत नाही, हे आम्ही वस्तीत वारंवार ऐकतो. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान याच विषयाला दिले आहे.

जुना कागद शोधा

दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय पहिल्या सिझरच्या कागदापासून सुरू होतो. दवाखान्यातून सुटी होताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर बहुधा एल.एस.सी.एस. अशी अक्षरे असतात. गर्भपिशवीच्या खालच्या भागात छेद घेऊन सिझर केले, असा त्यांचा अर्थ. आजकाल बहुतेक सिझर असेच होते आणि तो छेद आडवा असतो. हा भाग पातळ असतो, नीट भरून येतो आणि पुढच्या वेळच्या कळा सहसा सोसतो. क्वचित, म्हणजे बाळ फारच कमी दिवसांचे असेल किंवा आडवे अडकले असेल, तर गर्भपिशवीच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घ्यावा लागतो. तो व्रण कळांमध्ये फाटण्याचा धोका बराच जास्त असतो. अशा बाईने नॉर्मलची वाट पाहू नये.

इथे एक गैरसमज आहे. पोटावरच्या कातडीची खूण पाहून आतला छेद ओळखता येत नाही. वर आडवी खूण आणि आत उभा छेद असू शकतो, आणि याच्या उलटही असू शकते. म्हणून पोट दाखवून भागत नाही, कागदच लागतो.

कागदावर दुसरे पाहायचे ते सिझरचे कारण. बाळ पायाळू होते, असे लिहिले असेल आणि या वेळी बाळाचे डोके खाली असेल, तर ते कारण आता उरलेच नाही. बाळाचे ठोके कमी झाले होते, असे असेल तर तेही दर वेळी होते असे नाही. बाळ मोठे आणि मार्ग अरुंद, म्हणजे सी.पी.डी., किंवा कळा देऊनही पिशवीचे तोंड उघडले नाही, असे लिहिले असेल तर नॉर्मल होण्याची शक्यता थोडी कमी होते, पण संपत नाही. "तुझी कंबरच अरुंद आहे" हा शेरा एकदा बसला की आयुष्यभराचा, असे समजून बसलेल्या कितीतरी बायका आम्हाला भेटल्या. त्यातल्या काहींचे पुढचे मूल नॉर्मल झाले, तेही पहिल्यापेक्षा वजनाने जास्त.

पण कागद असतो कुठे? वस्तीतले घर म्हणजे एक खोली. कागद पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, नाहीतर माहेरी. या सुनेचे कार्ड माहेरी होते, आणि माहेर नाग नदीच्या काठी. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पाणी घरात शिरले तेव्हा पेटी भिजली. कुणाचे कार्ड उंदीर खातात, कुणाचे घर मोडताना ढिगाऱ्यात जाते. शिकलेल्या घरातल्या लोकांना हे चटकन लक्षात येत नाही. जुने कार्ड आणले नाही म्हणून खिडकीवर बाई ओरडा खाते, तेव्हा त्यामागे असा पूर असतो.

कागद नसेल तर जिथे सिझर झाले त्या दवाखान्यात अर्ज करा. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदणी क्रमांक मिळू शकतो, जन्मदाखल्यावर तारीख मिळते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार भरती रुग्णाची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते. तीन वर्षे उलटली असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जुनी रजिस्टरे असतात, विचारून पाहायला हरकत नाही. काहीच मिळाले नाही तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा आणि आठवते ते सगळे सांगा. दिवस पूर्ण भरले होते का, कळा किती तास आल्या, बाळाचे वजन किती होते, ऑपरेशननंतर ताप किंवा पू झाला होता का. दिवस भरलेले आणि बाळ डोक्याकडून असेल तर छेद बहुधा खालचाच असतो, आणि त्यावरून डॉक्टर पुढचा विचार करू शकतात.

सासूबाईंचे म्हणणे कुठून आले

एकदा सिझर म्हणजे पुढे सिझरच, हा नियम आपल्या सासूबाईंनी काढलेला नाही. न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन नावाच्या डॉक्टरांनी १९१६ साली तसे लिहिले, आणि त्या काळी ते बरोबर होते. तेव्हा छेद वरच्या भागावर उभा घेत असत, रक्त सहज मिळत नव्हते, जंतुसंसर्गावर औषध नव्हते. पुढे खालच्या भागातला आडवा छेद रूढ झाला, रक्तपेढ्या आल्या, आणि नियमामागचे कारण बदलले. नियम मात्र तोंडोतोंडी राहिला. कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले किंवा वडीलधारे म्हणाले एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नका, तपासून पाहा. बाळंतपणाच्या खोलीत हा उपदेश किती उपयोगी पडतो, हे आम्ही रोज पाहतो. आणि "डॉक्टर पैशासाठीच कापतात" हे वाक्यही त्याच तराजूत घालावे लागेल.

पैशाचे आधी बोलून घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांपैकी ४७ सिझरने झालेली आढळली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण शंभरात १४ होते. अवघड बाळंतपणे तर मोठ्या सरकारी रुग्णालयांतच पाठवली जातात. मग एवढा फरक बायकांच्या कंबरेत नक्कीच नाही. बिल, वेळेची सोय आणि भीती या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

पण राग बाजूला ठेवून दुसरी बाजूही सांगतो. एखाद्या छोट्या नर्सिंग होममधली डॉक्टर बाई म्हणते, "मी जुन्या सिझरवर नॉर्मल करत नाही." तेव्हा ती दर वेळी लबाडीच करत असते असे नाही. रात्री दोन वाजता तिच्याकडे भूल देणारा डॉक्टर नसतो, रक्त चार किलोमीटरवर असते, बाळाचा डॉक्टर फोन केल्यावर येतो. अशा जागी तिने नाही म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. प्रश्न आपण दुसरी जागा शोधतो की नाही हा आहे.

पर्याय दोन, शेवट तीन

आता मूळ मुद्दा. पूर्वी एकच सिझर, छेद खालचा आडवा, बाळ एकच आणि डोके खाली, वार खाली आलेली नाही, दुसरा मोठा आजार नाही, अशा बाईसमोर दोन पर्याय असतात. कळांची वाट पाहून नॉर्मलचा प्रयत्न करायचा, किंवा आधी ठरवून सिझर करायचे. पर्याय दोन असले तरी शेवट तीन होऊ शकतात, आणि तिसरा शेवट कुणी सांगत नाही.

पहिला शेवट म्हणजे प्रयत्न केला आणि नॉर्मल झाले. शंभर बायकांनी प्रयत्न केला तर साधारण सत्तर ते पंचाहत्तर जणींचे असे होते. सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा तरी नॉर्मल बाळंतपण झालेले असेल तर शंभरात पंच्याऐंशी-नव्वद जणींचे होते. या बायका लवकर उठतात, रक्त कमी जाते, जखम पिकण्याची भीती राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवावे लागते किंवा दहा घरची धुणीभांडी करावी लागतात, तिला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा शेवट म्हणजे ठरवून केलेले सिझर. तारीख माहीत, माणसे जवळ, रक्ताची सोय आधी केलेली. हा पर्यायही सुरक्षित आहे, आणि तो निवडणारी बाई भित्री ठरत नाही.

तिसरा शेवट असा की प्रयत्न केला, बारा तास कळा सोसल्या आणि मग धावपळीत सिझर करावे लागले. शंभरातल्या पंचवीस-तीस जणींचे असे होते. तिन्हींत जास्त त्रासाचा हाच. थकलेल्या शरीरावर ऑपरेशन, ताप आणि जंतुसंसर्गाची शक्यता जास्त. म्हणून नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही, हे ठरवताना स्वतःला विचारायचे की माझ्या बाबतीत तिसऱ्या शेवटाची शक्यता किती? पहिल्या वेळचे कारण, वजन, वय, साखर, बाळाचा आकार यांवरून डॉक्टर त्याचा अंदाज देऊ शकतात. अंदाज मागा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि टाके उसवण्याची गोष्ट? कळांमध्ये गर्भपिशवीचा जुना व्रण फाटू शकतो, हे खरे आहे. खालच्या आडव्या छेदाच्या बाबतीत, कळा आपोआप आल्या असतील तर, साधारण दोनशे जणींत एकीला असे होते. म्हणजे १९९ जणींना होत नाही. पण ज्या एकीला होते तिच्याजवळ आणि बाळाजवळ वेळ फार थोडा असतो. ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत, रात्रीही भूल देणारा हजर, रक्तपेढी हाताशी आणि बाळाचा डॉक्टर असेल तर दोघेही बहुतेक वेळा वाचतात. घरी, गावाकडे दाईकडे, किंवा नुसत्या प्रसूतिगृहात हे घडले तर वाचवणे कठीण. म्हणून जुने सिझर असलेल्या बाईने नॉर्मलचा प्रयत्न करायचा तो मोठ्या रुग्णालयातच. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय असते. सातव्या महिन्यातच तिथे नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर गर्भवतींना मोफत तपासतात. जुना कागद घेऊन त्या दिवशी जा.

काही बायकांसाठी हा प्रश्नच उरत नाही. उभा छेद असेल, पूर्वी गर्भपिशवी फाटली असेल, पिशवीवर मोठ्या गाठीचे ऑपरेशन झाले असेल, या वेळी बाळ आडवे असेल किंवा वार तोंडावर आली असेल, तर सिझरच. दोन सिझर झालेल्या बाईनेही नॉर्मलचा हट्ट धरू नये. क्वचित एखाद्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ तसा विचार करतात, तो त्यांच्यावर सोडावा.

विदर्भातल्या आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल आपल्याकडे घराघरांत आहे. एएस म्हणजे वाहक बाईला बाळंतपणात सहसा अडचण येत नाही, पण एसएस असेल तर नॉर्मल असो की सिझर, तयारी आधीपासून लागते, रक्त जुळवून ठेवावे लागते. सिकलसेलचे कार्ड लग्नाच्या भीतीने लपवून ठेवतात. दवाखान्यात तरी लपवू नका. हिमोग्लोबिनचेही तेच. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय होता. ज्या बाईच्या अंगात रक्त आठ आहे तिला, बाळंतपण कोणत्याही मार्गाने झाले तरी, थोडे रक्त जाणेही महागात पडते. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवण्यासाठी नाहीत. चहाबरोबर घेऊ नका, लिंबाबरोबर घ्या.

तारखेच्या सिझरबद्दल

ठरवून सिझर करायचे तर ते साधारण एकोणचाळीसाव्या आठवड्यात करतात. कारण नसताना त्याआधी केले तर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. आम्ही पंचांग आणि मुहूर्त सोडले, हे खरे. पण गेल्या काही वर्षांत एक नवेच ऐकू येते, बाळ १४ एप्रिललाच व्हावे म्हणून सिझरची तारीख मागतात. भावना कळते, पण बाबासाहेबांच्या जयंतीला अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवण्यात जयंतीचा काय मान? मुहूर्त तो मुहूर्तच, कॅलेंडर कुणाचेही असो.

दुसरे असे की घरचे म्हणतात, सिझर करू म्हणजे नसबंदीही त्यातच होईल. होते, आणि ज्यांना हवी त्यांना सोयीचे आहे. पण नसबंदीसाठी म्हणून सिझर करण्याची गरज नाही. नॉर्मल बाळंतपणानंतर सात दिवसांत छोट्या छेदातून ती करता येते. आणि पुरुषाची नसबंदी तर याहून सोपी, टाक्याविना होते, त्याच दिवशी माणूस घरी येतो. विहारात ओट्यावर बसणाऱ्या मंडळींना आम्ही हे दर वर्षी सांगतो. अजून एकच पुढे आला.

किती मुले हवीत, हा प्रश्न या निर्णयाशी जोडलेला आहे. दर सिझरबरोबर पुढचे अवघड होते. आत चिकटलेले असते, मूत्राशयाला इजा होऊ शकते, आणि वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती वाढते. वार खाली असेल आणि आधी एक सिझर असेल तर शंभरात दहाएक जणींची वार अशी रुतलेली सापडते. दोन सिझर असतील तर चाळीसच्या आसपास. अशा बाळंतपणात बाटल्याच्या बाटल्या रक्त लागते आणि कित्येकदा गर्भपिशवी काढावी लागते. दोन मुली सिझरने झाल्या, आता मुलासाठी तिसरे, असे म्हणणाऱ्या घराने हे आकडे वाचावेत. ज्यांना पुढेही मूल हवे आहे त्यांच्यासाठी नॉर्मलच्या बाजूने हे मोठे कारण आहे. ज्यांचे हे शेवटचेच आहे त्यांच्यासाठी ते तितके मोठे नाही.

दोन बाळंतपणांत अंतर हवे. पहिल्या सिझरनंतर दीड-पावणेदोन वर्षांच्या आत दुसरे बाळंतपण झाले तर व्रण फाटण्याचा धोका वाढतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांचा होता. त्यांच्या वतीने स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. तो फेटाळला गेला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२८ साली, गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी सुटी मिळावी म्हणून बाबासाहेब त्याच मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. आपल्या घरांत त्यांचा फोटो आहे. पण सिझरचे टाके सुकायच्या आत दुसरे दिवस राहिलेल्या मुलीही त्याच घरांत आहेत.

कळा सुरू झाल्यावर

नॉर्मलचा प्रयत्न ठरला असेल तर "कळा वाढू दे, मग जाऊ" हा हिशेब चालत नाही. नियमित कळा सुरू झाल्या, पाणी गेले, अंगावरून रक्त गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली की लगेच निघायचे. १०२ किंवा १०८ ला फोन करा. ती यायला वेळ लागेल असे वाटले तर गल्लीतला ऑटोवाला आधीच सांगून ठेवा. घरी एरंडेल तेल घेऊ नका, कुणाकडून पोट दाबून घेऊ नका. आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन तर मुळीच घेऊ नका. जुना व्रण असलेल्या पिशवीवर ते इंजेक्शन किंवा कळा आणणारी गोळी जीवघेणी ठरू शकते. रुग्णालयातही कळांचे सलाईन लावायचे झाले तर फार जपून लावतात, कारण त्याने धोका दोन-तीन पटींनी वाढतो. सलाईन लावताना विचारा, "माझे जुने सिझर आहे, हे कशाचे आहे?"

दाखल होताच पहिले वाक्य हेच बोला की माझे पहिले सिझर झालेले आहे. केसपेपरवर ते लिहिले का, पाहा. बाळाचे ठोके वरचेवर, शक्यतो सतत तपासायला हवेत, कारण व्रण फाटू लागला तर बहुधा पहिली खूण ठोक्यांतच दिसते. दोन कळांच्या मधल्या वेळेतही पोट दुखत राहिले, कळा एकदम थांबल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवीत किंवा अंगावरून रक्त दिसले तर ओरडून सांगा. बाळंतपणाच्या खोलीत "ओरडू नको" म्हणणारे असतात. आडनाव ऐकून आवाज बदलणारेही असतात. आमच्यातल्या एकीने तो आवाज स्वतः ऐकला आहे. तरीही गप्प राहू नका. शासनाच्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतिकक्षात सोबतीला एक बाई ठेवण्याची तरतूद आहे. जी बोलू शकते, घाबरत नाही, अशी सोबतीण निवडा. ती सासूच असली पाहिजे असे नाही.

सही तुमची. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला कायद्याने तिची स्वतःची संमती लागते आणि तीच पुरेशी असते. कागद वाचता येत नसेल तर वाचून मागा. आणि मध्येच डॉक्टर म्हणाले की आता सिझर करावे लागेल, बाळाचे ठोके पडताहेत, तर तिथे वाद घालत बसू नका. आपण प्रयत्न केला तो याच तयारीने केला होता.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, नेणे-आणणे सगळे मोफत आहे. नॉर्मल झाले तर तीन दिवस, सिझर झाले तर सात दिवस जेवणही मोफत. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर हे नाव घेऊन विचारा.

घरी आल्यावर पहिला आठवडा बाळंतिणीवर लक्ष ठेवा. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेल्या आणि महाप्रजापती गौतमींनी बाळ वाढवले, हे आपण दर वर्षी वाचतो. ताप, दुर्गंधीचा स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतके रक्त, टाक्यातून पू, एकाच पायाची सूज आणि पोटरीत दुखणे, दम लागणे, यांतले काहीही दिसले तर सुईण काय म्हणते याची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत न्या.

त्या सुनेचे काय झाले, असे वाचक विचारतील. सासूबाईच तिला घेऊन जुन्या दवाखान्यात गेल्या. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला रजिस्टरमधून नक्कल मिळाली. बाळ पायाळू म्हणून सिझर, छेद खालचा. या वेळी डोके खाली आहे, अंतर तीन वर्षांचे, हिमोग्लोबिन साडेनऊ होते ते आता साडेदहा आहे. मोठ्या रुग्णालयात नाव घातले आहे. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले आणि तिने नॉर्मलचा प्रयत्न निवडला. पुढच्या महिन्यात दिवस भरतात. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी दारामागच्या खिळ्याला, पुराचे पाणी येते त्याच्या वर, लटकवून ठेवली आहे. तिच्यात नक्कल, सिकलसेलचे कार्ड, रक्तगटाचा कागद आणि ऑटोवाल्या भाऊंचा नंबर आहे.